पुस्तक घ्यावे की दुसरा कीबोर्ड?

चाळीसगाव तालुक्यातील एका चोवीस वर्षांच्या वाचकाचे पत्र आले आहे. त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका पूर्ण केली आहे, चार वर्षांपासून ते लग्नाच्या बँडमध्ये आणि ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवतात, आणि अहिराणी गाण्यांना स्वतः घडवलेले आवाज द्यावेत अशी त्यांची इच्छा आहे. पुण्याच्या एका ध्वनिमुद्रकाने त्यांना ॲलन स्ट्रेंज यांचे ‘इलेक्ट्रॉनिक म्युझिक: सिस्टिम्स, टेक्निक्स अँड कंट्रोल्स’ हे पाठ्यपुस्तक वाचायला सांगितले. चौकशी केल्यावर जुनी प्रत अठरा हजारांना मिळते असे कळले. मित्र म्हणतात, तेवढ्यात जुना पण चांगला कीबोर्ड येईल. आप्पा विचारतात, “पुस्तक वाचीसन कोनी बाजा शिकस का?” यूट्यूबवर सगळे फुकट असताना, आपल्याला हात लावायलाही मिळणार नाही अशा पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्रांवरचे इंग्रजी पुस्तक घेण्यात शहाणपणा आहे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय वाचक मित्र,

सप्रेम नमस्कार. हे पुस्तक तुम्ही अवश्य वाचा आणि त्यासाठी अठरा हजार रुपये मुळीच देऊ नका, असे माझे उत्तर आहे. पुस्तक का वाचावे ते आधी सविस्तर सांगतो. पैशांचा विषय शेवटी घेऊ, कारण आप्पांना तुम्हाला जे सांगावे लागेल ते त्याच भागात आहे.

या पुस्तकाची पहिली आवृत्ती 1972 साली निघाली आणि बरीच वाढवलेली दुसरी आवृत्ती 1983 साली. लेखक कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट विद्यापीठात शिकवत असत. 2008 साली त्यांचे निधन झाले. त्यांनी हे लिहायला घेतले तेव्हा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे वाद्य, हे बहुधा भिंतीला टेकवलेले एक कपाट असे, त्यात सुटे सुटे डबे बसवलेले असत, आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात वायर खोचल्याशिवाय त्यातून चकार शब्द निघत नसे. मूग, बुकला, आर्प अशा प्रत्येक कंपनीची रचना निराळी होती आणि बटणांची नावेही निराळी होती. वर्गात शिकवणाऱ्याला यातल्या एकाच कंपनीच्या माहितीपत्रकावर विसंबून चालण्यासारखे नव्हते, म्हणून स्ट्रेंज यांनी यंत्र बाजूला ठेवून काम समजावले. आवाज कुठून निघतो, त्याच्यावर पुढे काय संस्कार होतात, आणि त्या संस्कारांना हुकूम कोण देतो, या तीन प्रश्नांभोवती सगळे पुस्तक फिरते. ती यंत्रे आज संग्राहकांच्या घरी गेली, पण हे तीन प्रश्न तुमच्या मोबाइलमधल्या ॲपलाही तसेच विचारता येतात.

तुम्ही चार वर्षे कीबोर्ड वाजवला आहे, त्यामुळे एक अडचण तुमच्या बोटांत मुरलेली असणार. कॅसिओची पट्टी दाबली की सूर, त्याची उंची, त्याचा जोर आणि त्याचा पोत हे सगळे एकदमच बाहेर पडते, आणि त्यामुळे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत हेच कळेनासे होते. घरात पेटी असेल तर तिच्याकडे पाहा. स्वर देणारी पितळी पट्टी वेगळी, हवा देणारा भाता वेगळा, आणि वाट मोकळी करणारे बोट वेगळे असते. भाता मंद केला की सूर तोच राहतो आणि जोर उतरतो. पेटीत हे सांधे डोळ्यांना दिसतात. कीबोर्डमध्ये ते डब्यात बंद असतात. या पुस्तकाची पहिली काही प्रकरणे तो डबा उघडून प्रत्येक सांधा तुमच्या हातात देतात.

आता एक गोष्ट जवळून पाहू, कारण माझ्या मते आपल्याकडच्या वादकासाठी या पुस्तकाचा सर्वांत मोठा उपयोग तिच्यात आहे. त्या काळच्या यंत्रांत सुराची उंची व्होल्टेजने ठरत असे. मूगच्या पद्धतीत एक व्होल्ट वाढवला की सूर बरोबर एक सप्तक वर जातो. म्हणजे तुमचा सा 240 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 240 कंपनांचा, असेल तर एक व्होल्ट वाढवताच 480 हर्ट्झचा तार सा मिळतो. सप्तकात बारा स्वर, म्हणून एका स्वरापासून लगतच्या स्वरापर्यंत सुमारे 83 मिलिव्होल्टचे अंतर पडते. पण व्होल्टेजला बारा स्वर ठाऊक नसतात. ते विहिरीतल्या पाण्यासारखे कुठल्याही पातळीवर थांबू शकते. पेटीचा किंवा कॅसिओचा शुद्ध गंधार तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा किंचित चढा लागतो, हे तुमच्या कानाने कधी तरी टिपले असेलच. तो चढेपणा व्होल्टेजच्या भाषेत केवळ 11 मिलिव्होल्टचा आहे, आणि बटण केसभर मागे फिरवले की तो उतरतो. मींड हवी असेल तर व्होल्टेज एकदम न बदलता सरकत बदलायचे. आपल्या खानदेशातल्या बायका कानबाई देवीची गाणी म्हणताना दोन सुरांच्या मधल्या जागेत जे काही करतात, ते काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर कधीच सापडत नाही आणि तुम्हीही चार वर्षे ते शोधून थकला असाल. कीबोर्ड हा हुकूम देण्याच्या अनेक साधनांपैकी एक आहे, आणि तो नसला तरी वाद्य अडत नाही, हे मी पहिल्यांदा या पुस्तकात वाचले. बुकला कंपनीचे डॉन बुकला यांनी तर आपल्या सुरुवातीच्या यंत्रांना पियानोसारख्या पट्ट्या लावल्याच नव्हत्या. तिथे स्पर्शाला प्रतिसाद देणारे पत्रे होते.

दुसरे उदाहरण तुमच्या रोजच्या कामातले घेतो. गाणाऱ्याचा सूर हलतो, त्याला आपण कंप म्हणतो, आणि तो साधारण सेकंदाला पाच-सहा वेळा होतो. सिंथेसायझरवर हे करायचे असेल तर एक हळू चालणारा ऑसिलेटर, म्हणजे आंदोलने निर्माण करणारा भाग, दुसऱ्याच्या सुराला खालीवर ढकलत ठेवायचा. आता वायर तीच ठेवून हळू चालणाऱ्या ऑसिलेटरचा वेग वाढवत न्यायचा. सेकंदाला दहा, पंधरा, वीस असे गेल्यावर कान कंप मोजायचे सोडून देतो, आणि त्याच्याही पुढे गेले की हलणारा सूर नाहीसा होऊन त्या जागी एक नवाच, खरखरीत, धातूसारखा पोत उभा राहतो. स्ट्रेंज यांनी कानाला ऐकू न येणाऱ्या वेगाचे नियंत्रण आधी आणि ऐकू येणाऱ्या वेगाचे त्याच्या पाठोपाठ असे स्वतंत्रपणे शिकवले आहे, त्यामुळे एकच जोडणी वेग बदलताच दोन निराळी कामे करते हे वाचणाऱ्याच्या लक्षात आपोआप येते. अमेरिकन संगीतकार जॉन चाउनिंग यांना स्टॅनफर्ड विद्यापीठात 1967 साली जो शोध लागला तो याच वाटेने लागला. कंपाचा वेग आणि खोली दोन्ही अतिरेकापर्यंत वाढवून पाहताना त्यांना नवे पोत ऐकू आले, 1973 साली त्यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यातूनच पुढे 1983 साली यामाहाचा डीएक्स-7 हा सिंथेसायझर बाजारात आला. तुमच्या कॅसिओत ‘इलेक्ट्रिक पियानो’ नावाचा जो काचेसारखा किणकिणता आवाज असेल, तो बहुधा त्याच घराण्यातला आहे.

हे वाचून मी काय केले ते सांगतो. आमच्या घरी काशाची एक जुनी थाळी आहे. तिच्यावर चमच्याने टोला दिला की जो नाद निघतो तो कुठल्याच स्वराशी नीट जुळत नाही, आणि तसे का होते हा प्रश्न मला लहानपणापासून होता. मी एका ऑसिलेटरला 200 हर्ट्झवर ठेवले आणि त्याला हलवणाऱ्या दुसऱ्याला 280 वर. बेरीज-वजाबाकी करून पाहा: 480 आणि 80, पुढच्या पायरीला, म्हणजे 280 ची दुप्पट धरून, 760 आणि 360. यातला एकही आकडा 200 च्या पाढ्यात बसत नाही, म्हणून कानाला एक सूर धरता येत नाही आणि तो त्याला धातू समजतो. आवाजाची पातळी आणि हलवण्याची खोली दोन्ही हळूहळू शून्यावर उतरू दिली, आणि स्पीकरमधून थाळी वाजली. दुसऱ्यालाही 200 वर आणले तर सगळे आकडे पाढ्यात बसतात आणि पितळी वाद्यासारखा भरीव सूर येतो. घरच्यांनी स्वयंपाकघरातून “काय पडलं?” असे विचारले, तो माझा निकाल.

बँडमध्ये असल्यामुळे ट्रंपेटचे उदाहरण तुम्हाला अधिक पटेल. कॅसिओतला ट्रंपेट खोटा का वाटतो? तुमच्या शेजारी उभा असलेला ट्रंपेटवाला दम लावून फुंकतो तेव्हा आवाज मोठा होतो आणि त्याबरोबरच चकचकीतही होतो, म्हणजे वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) जोराच्या मानाने अधिक वाढतात. फ्रेंच संगीतकार झाँ-क्लोद रिसे यांनी 1960 च्या दशकात बेल प्रयोगशाळेत संगणकाच्या साहाय्याने ट्रंपेटचे पृथक्करण करून हे दाखवून दिले. स्वस्त कीबोर्डमध्ये मात्र एकाच जोराने मुद्रित केलेला नमुना नुसता लहानमोठा केलेला असतो. यावरचा उपाय वायरीच्या भाषेत एका ओळीचा आहे: आवाजाची चढ-उतार ठरवणाऱ्या भागातून एक वायर ॲम्प्लिफायरला द्यायची आणि तशीच दुसरी, वरचे हार्मोनिक गाळणाऱ्या फिल्टरला, म्हणजे जोर चढताना फिल्टरही उघडत जातो. हे एकदा समजले की कुठल्याही कंपनीच्या, कुठल्याही सालच्या यंत्रात त्या दोन वायरींच्या जागी कोणती बटणे आहेत एवढेच शोधायचे उरते.

यूट्यूबविषयी तुमच्या मित्रांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. कानाने ऐकण्याची गोष्ट कागदावर वाचणे हे एका मर्यादेपर्यंतच जमते, आणि फिल्टर उघडताना काय ऐकू येते ते दहा सेकंदांची चित्रफीत दहा पानांपेक्षा चांगले सांगते. माझी हरकत तिथल्या क्रमाविषयी आहे, किंवा खरे तर क्रम नसण्याविषयी. अमुक गाण्यातला बास कसा करावा हे दाखवणारा माणूस तुम्हाला अकरा आकडे देतो. ते तुम्ही भरता, आवाज येतो, आणि दुसऱ्या दिवशी गायिका म्हणते की हाच आवाज जरा मऊ करा, तेव्हा अकरापैकी कोणता आकडा हलवायचा ते कळत नाही. भरिताला वांगे किती भाजायचे हे मिनिटांत सांगता येत नाही, ते वांग्याचे साल पाहून कळावे लागते. पाठ्यपुस्तक साल पाहायला शिकवते, मात्र त्यासाठी ते पहिल्या पानापासून क्रमाने वाचावे लागते आणि तिसरे प्रकरण न समजता पाचवे वाचून भागत नाही. छापील प्रतीचा आग्रह मी यासाठीच धरतो. ती मांडीवर उघडी राहते, समासात पेन्सिलने लिहिता येते, आणि मधेच दुसरे काही सुचवत नाही.

पुस्तकाचे जुनेपणही स्पष्ट सांगतो. मिडी ही इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांना जोडण्याची पद्धत 1983 साली आली, म्हणजे दुसरी आवृत्ती निघाली त्याच वर्षी; त्यामुळे तुम्ही रोज वापरता ती मिडीची केबल, नमुने मुद्रित करून वाजवणे, संगणकावर ध्वनिमुद्रण यांच्यासाठी हे पुस्तक उपयोगाचे नाही. या गोष्टींसाठी कर्टिस रोड्स यांचा 1996 सालचा संगणक-संगीतावरचा जाडजूड ग्रंथ आहे, पण तो आत्ता हाती घेऊ नका, त्याच्या आकारानेच माणूस दबतो. स्ट्रेंज यांच्या पुस्तकात चुंबकीय फितीवरच्या ध्वनिमुद्रणाचे प्रकरण आहे, ते तुम्ही खुशाल चाळून सोडा. मी ते सर्वांत चवीने वाचले, हे कबूल करतो. सेकंदाला पंधरा इंच पळणाऱ्या फितीचा पंधरा इंचांचा तुकडा कापला की हातात एक सेकंद येतो, ही कल्पना पेन्सिलीने कॅसेट गुंडाळलेल्या माझ्या पिढीला सोडवत नाही.

‘या यंत्रांना आपल्याला हात लावायलाही मिळणार नाही’ असे तुम्ही लिहिले आहे. एक यंत्र आपल्यापासून फार लांब आले नव्हते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 साली मूग सिंथेसायझर आला; अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो बसवला, त्यामागे अहमदाबादच्या संगीतकार गीता साराभाई यांचा पुढाकार होता, आणि 1972 पर्यंत काही भारतीय रचनाकारांनी त्यावर काम केले. मग ते काम थांबले. त्या ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात कित्येक दशके पडून होत्या आणि त्यांतील निवडक मुद्रणे 2023 साली प्रसिद्ध झाली. ती जरूर ऐका. जळगावहून सुरतमार्गे जिथे रेल्वेने सहज जाता येते, तिथे तुमच्या आप्पांच्या लहानपणी हे चालले होते.

आज मात्र यंत्रावाचून अडत नाही. व्हीसीव्ही रॅक नावाचे सॉफ्टवेअर संगणकाच्या पडद्यावर तेच कपाट, तेच डबे आणि त्याच वायरी दाखवते, आणि त्याची साधी आवृत्ती फुकट आहे. तुमचा लॅपटॉप जुना आणि मंद असेल तर प्युअर डेटा घ्या. तेही फुकट आहे, दिसायला रूक्ष आहे, पण फार कमी मागते. पुस्तकातली प्रत्येक आकृती यापैकी एकावर जोडून पाहायची आणि आवाज ऐकल्याशिवाय पान उलटायचे नाही, एवढा एक नियम स्वतःला घालून घ्या. मी हे पुस्तक एका स्नेह्यांकडून महिनाभरासाठी मागून आणले होते आणि अडीच महिन्यांनी परत केले, ते याच नियमामुळे. (ते स्नेही अजून माझ्याशी बोलतात.)

इंग्रजीची भीती मला फारशी खरी वाटत नाही. पदविकेची पुस्तके तुम्ही इंग्रजीतूनच वाचली आहेत, आणि या विषयात शंभर-दीडशे शब्दच पुन्हा पुन्हा येतात. एक दोनशे पानी वही करा. प्रत्येक नव्या शब्दापुढे त्याचे काम आपल्या भाषेत लिहा, अहिराणीत लिहिले तरी उत्तम. फिल्टरला मी माझ्या वहीत ‘गाळणी’ आणि ऑसिलेटरला ‘दोलक’ लिहिले होते. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये जाऊन ‘दाबनियंत्रित गाळणी’ (म्हणजे व्होल्टेजने चालणारा फिल्टर) मागितली तर दुकानदार मला भांड्यांच्या गल्लीत पाठवेल हे मलाही ठाऊक आहे, पण शब्द बाजारात चालतो की नाही हा मुद्दाच नव्हता, तो लिहिताना मला काम समजले होते.

आता पैशांचे. अठरा हजार ही वाचकाची किंमत नाही, संग्राहकाची आहे. पुस्तक अनेक वर्षे छापले जात नव्हते म्हणून जुन्या प्रतींचे भाव चढले, आणि पहिल्या छपाईची प्रत जवळ बाळगण्याची हौस असणारे लोक ते देतात. तुम्हाला पुस्तकाचा मजकूर हवा आहे. अलीकडे लोकवर्गणीच्या मार्गाने त्याचे पुनर्मुद्रण झालेले आहे. तेव्हा आधी नवी प्रत मिळते का ते पाहा, टपालखर्च आणि जकात धरून एकूण आकडा विचारा, आणि परदेशात कुणी नातलग असेल तर येताना सामानात आणायला सांगा. घ्यायची झाल्यास दुसरी आवृत्ती किंवा तिच्यावरून केलेले पुनर्मुद्रण घ्या, 1972 ची नको. पुण्याच्या ज्या ध्वनिमुद्रकांनी नाव सुचवले त्यांच्याकडे स्वतःची प्रत असण्याची शक्यता मोठी आहे; त्यांना स्पष्ट विचारायला संकोच करू नका, फक्त महिना सांगून अडीच महिने ठेवू नका.

दुसरा कीबोर्ड या वर्षी घेऊ नका असे मी सांगेन. त्यात आणखी सहाशे तयार आवाज असतील आणि तुमची तक्रार तयार आवाजांविषयीच आहे. आप्पांचे म्हणणे मात्र बरोबर आहे, पुस्तक वाचून कुणी बाजा शिकत नाही. पण तुम्हाला बाजा येतो, गेल्या चार लग्नसराया त्याच्यावरच निघाल्या आहेत, आणि आता तुम्हाला बाजा घडवायला शिकायचे आहे. हा फरक त्यांना शब्दांत सांगत बसू नका. पावसाळ्यात सुपाऱ्या थांबल्या की लॅपटॉपवर 200 आणि 280 चे ते दोन ऑसिलेटर जोडा, आप्पा ओसरीवर असताना आवाज मोठा ठेवा, आणि थाळी कुणी पाडली असे ते विचारतात का ते मला कळवा.